ज्याचे काम त्याच्याच खात्यावर

लातूरची गंजगोलाई तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. सोळा रस्ते जेथे येऊन मिळतात, त्या गोल बाजारपेठेत दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. रात्री प्रत्येक दुकानदार आपले कुलूप लावतो आणि आपली किल्ली घेऊन घरी जातो. आता अशी कल्पना करा, की साऱ्या दुकानांत मिळून एकच नोकर ठेवला आहे आणि सगळ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला आहेत. ज्याने त्याने चिठ्ठी लिहायची आणि त्याने तसे काम करायचे. एखाद्या दुकानदाराने चिठ्ठीत “शेजारचा गल्ला उघडून दाखव” असे लिहिले तर? चिठ्ठी कोणाची हे तो नोकर पाहतच नाही.

हा प्रकार तुम्हाला हास्यास्पद वाटेल. पण संगणकाच्या जगात तो अनेक वर्षे राजरोस चालत आला आहे, आणि काही ठिकाणी अजूनही चालतो.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ साली झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याला जोडलेली आहेत. एखाद्या लहान महाविद्यालयाला किंवा शाळेला आपल्या संकेतस्थळासाठी स्वतंत्र सर्व्हर घेणे परवडत नाही, आणि त्याची गरजही नसते. अशी अनेक संकेतस्थळे भाड्याने जागा घेऊन एकाच सर्व्हरवर राहू शकतात. त्यात गैर काहीच नाही. प्रश्न निराळाच आहे. तुम्ही प्रवेशाचा अर्ज भरून बटण दाबता, तेव्हा त्या सर्व्हरवर एक छोटी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, चालू होते. ती कोणाच्या नावाने चालते?

लिनक्ससारख्या प्रणालीत चालू असलेले प्रत्येक काम कोणत्या तरी खात्याच्या नावावर असते, आणि प्रत्येक फाइलीला मालक असतो. मालक, त्याचा गट आणि इतर सर्व जण अशा तिघांसाठी परवानग्या वेगवेगळ्या ठरतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज ७. फाइलीवर ६०० असा आकडा असेल, तर मालकाने वाचावे-लिहावे आणि इतरांनी हातही लावू नये. ७७७ असेल तर मालक, गट आणि इतर, तिघांनाही सर्व मोकळे!

साध्या मांडणीत वेब सर्व्हर एकाच सामाईक खात्यावर चालतो आणि सर्वांच्या आज्ञावल्याही त्याच खात्यावर चालवतो. माझ्या आज्ञावलीला विद्यार्थ्यांची यादी वाचायची असेल, तर ती यादी त्या सामाईक खात्याला वाचू द्यावीच लागते. पण शेजाऱ्याची आज्ञावलीही त्याच नावाने चालते. म्हणजे तिलाही माझी यादी वाचता येते. यादीत लिहायचे असेल तर पुष्कळ जण वैतागून ७७७ करून टाकतात, आणि मग काही राखायचे उरतच नाही. त्या यादीत काय असते? तुमचे नाव, पत्ता, गुण, वडिलांचा फोन. बारावीच्या तयारीसाठी लातूरला दुरून मुले येतात. अशा मुलांची माहिती भलत्याच्या हाती पडणे ही लहान गोष्ट नव्हे.

यावर उपाय आहे, आणि तो नवाही नाही. एखाद्या कार्यक्रमाने तो चालवणाऱ्याच्या नव्हे, तर फाइलीच्या मालकाच्या अधिकाराने चालावे, ही युक्ती डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये आणली. तिचे पेटंट १९७९ साली मिळाले. तिच्याच आधाराने १९९७ मधील अपाचे १.२ या वेब सर्व्हरबरोबर ‘सूएक्झेक’ नावाचा छोटा कार्यक्रम आला. आज्ञावली चालवण्यापूर्वी तो चौकशी करतो. फाइलीचा मालक खरोखर तोच आहे ना? दुसऱ्या कोणाला तीत बदल करता येतो का? काम ‘रूट’च्या, म्हणजे व्यवस्थापकाच्या, नावावर तर मागितलेले नाही? जरा शंका आली की तो सरळ नकार देतो. चौकशी पार पडली, तरच आज्ञावली त्या खात्यावर चालते. हा हट्टीपणा मला फार आवडतो.

“यामुळे काम मंदावते,” असे काही जण म्हणतात. ते अगदीच खोटे नाही. सूएक्झेकच्या पद्धतीत दर मागणीला नवे काम सुरू करावे लागते. परंतु २०१० साली पीएचपी ५.३.३ मध्ये एफपीएम हा भाग आला आणि प्रत्येक खात्यासाठी काही कामे आधीच तयार ठेवता येऊ लागली. त्याला स्मरणशक्ती थोडी जास्त लागते, एवढेच. तेव्हा ही सबब आता पुरेशी नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. आपल्या प्रयोगशाळेत साऱ्या वर्गाला एकच खाते दिलेले असेल, तर ते बंद करा. तीस मुलांपैकी एकाची आज्ञावली न थांबणाऱ्या फेऱ्यात अडकली, की सगळा सर्व्हर संथ होतो. अशा वेळी चालू कामांची यादी दाखवणारी ‘पीएस’ ही आज्ञा देऊन पाहा. सामाईक खाते असेल तर तीसही मुलांच्या कामांपुढे तेच एक नाव दिसेल. मग विचारणार कोणाला? खाती वेगळी असतील तर नाव समोर येते, फक्त तेवढे एक काम थांबवता येते आणि बाकीच्या एकोणतीस जणांचे चालू राहते. प्रत्येकाला किती जागा वापरू द्यायची, हेही ठरवता येते.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. आज्ञावली तुमच्या नावाने चालू लागली, की तुमच्या सर्व फाइलींवर तिचा अधिकार चालतो. तीत फट राहिली आणि कोणी आत शिरला, तर शेजारी वाचेल, पण तुमचे घर पुरते उघडे पडेल. म्हणून संकेतस्थळाचे खाते वेगळे ठेवा, त्यात खासगी कागदपत्रे ठेवू नका, आणि फाइलींची एक प्रत दुसऱ्या संगणकावर असू द्या. शाळेसाठी सर्व्हरवर जागा घेताना गुरुजींनी विक्रेत्याला भाड्याच्या आधी विचारावे, “आमच्या आज्ञावल्या कोणाच्या नावाने चालतील?” उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरा विक्रेता पाहावा.