पडद्यावरची मोजपट्टी

भावाभावांत वितुष्ट येण्यास मोठेंच कारण लागतें असें नाहीं. आमच्या घरीं गेल्या दिवाळींत तें पंधरा पिक्सेलांवरून आलें. पिक्सेल म्हणजे काय, तो मोजतात कसा, आणि मोजून आलेल्या आंकड्यावर कितपत विश्वास टाकावा, यांपैकीं एकहि गोष्ट आम्हां वडील माणसांस नीटशी ठाऊक नव्हती. हल्लीं घरोघर संगणक झाले आहेत. घराचा आराखडा, भरतकामाचा नमुना, मुलांच्या अर्जावरचें छायाचित्र, अशा कशाचें ना कशाचें माप पडद्यावर घेण्याची पाळी सर्वांवरच येते. यास्तव ही घरगुती हकीकत सांगण्यांत थोडा कमीपणा असला, तरी ती वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटतें.

आमच्या गांवाकडील वाड्याची वाटणी करण्याचें ठरलें होतें. माझे थोरले चुलतबंधु, ज्यांस आम्ही सर्व अण्णा म्हणतों, पुण्यास असतात. त्यांचे धाकटे बंधु बापू नोकरीनिमित्त अमेरिकेंत राहतात. वाड्याच्या मधून विहिरीकडे जाणारा एक बोळ आहे. तो सामाईक ठेवावा याबद्दल दुमत नव्हतें. परंतु त्याची रुंदी किती धरावयाची यावर दोन्ही हिश्श्यांची आंखणी अवलंबून होती. आजोबांच्या वेळचा, कापडी कागदावर काढलेला नकाशा माझ्यापाशीं होता. त्यावर १ इंचास ८ फूट असें प्रमाण लिहिलेलें असून खालीं २४ फुटांची मापरेघ काढलेली होती. मीं तो नकाशा स्कॅन करवून एक प्रत अण्णांस दिली व दुसरी फोनवरून बापूंस धाडली.

दोघांनींहि आपापल्या संगणकावर मोजपट्टी उघडून बोळ मोजला. ही मोजपट्टी लांकडी नव्हे. ती पडद्यावरच उमटते, आणि तिच्या दोन टोकांमध्यें पडद्याचे किती बारीक ठिपके, म्हणजे पिक्सेल, येतात तें सांगते. अण्णांचे ७५ पिक्सेल भरले, बापूंचे ६०. संगणकाचे ९६ पिक्सेल म्हणजे एक इंच, असें दोघांनींहि कोठें तरी वाचलें होतें. त्या हिशेबानें अण्णांचा बोळ ६ फूट ३ इंच झाला आणि बापूंचा बरोबर ५ फूट! दोघेहि हिशेबाचे पक्के. तीनतीनदां मोजूनहि दोघांचा आंकडा बदलेना. तेव्हां ज्या अर्थीं चूक आपली नाहीं, त्या अर्थीं दुसऱ्याचा हेतु शुद्ध नाहीं, असें दोघांच्याहि मनानें घेतलें. पाडव्यास दरवर्षीं होणारें बोलणें झालें नाहीं. “विहिरीच्या वाटेपायीं माझीं मुलें अबोला धरतात, हें बघायला मी जगले का?” म्हणून काकूंनीं डोळ्यांस पदर लावला.

हा गुंता सोडविला तो अण्णांच्या नातीनें. ती अभियांत्रिकी शिकते. ती म्हणाली, “आजोबा, बोळ किती भरला तें तुम्ही सांगितलंत, पण खालची चोवीस फुटांची रेघ किती भरते, तें मोजलंत का?” ती कोणीच मोजली नव्हती. अण्णांच्या पडद्यावर ती ३०० पिक्सेल भरली, बापूंच्या पडद्यावर २४०. आतां त्रैराशिक मांडावें. ३०० पिक्सेलांस २४ फूट, तर ७५ पिक्सेलांस किती? ६ फूट. २४० पिक्सेलांस २४ फूट, तर ६० पिक्सेलांस किती? तेहि ६ फूटच! दोघांचेंहि मोजणें अचूक होतें; खोटा होता तो ९६ चा आधार. नकाशा पडद्यावर मावावा म्हणून अण्णांनीं तो निम्म्या आकारानें पाहिला होता, आणि फोनवरून जातांना बापूंचें चित्र आपोआप लहान झालें होतें.

यांतील मर्म आमच्या भगिनीवर्गास चटकन् पटेल. पंधरा ठिपक्यांची रांगोळी असें आपण म्हणतों तेव्हां तिचा विस्तार किती, हें त्यांत येत नाहीं. तीच रांगोळी देवघरापुढें वीतभर जागेंत बसते आणि अंगणांत चार हात पसरते. ठिपके तितकेच; अंतर मात्र काढणाऱ्या हातावर. पिक्सेलाचेंहि तसेंच आहे. पिक्सेल ही संख्या आहे, लांबी नव्हे. १९२० ठिपके रुंद व १०८० ठिपके उंच असा पडदा कर्णांत २४ इंचांचा असेल, तर एका इंचांत सुमारें ९२ पिक्सेल बसतात. तितकेच ठिपके १४ इंचांच्या पडद्यावर असतील, तर इंचास सुमारें १५७. म्हणजे १५० पिक्सेलांची एकच रेघ पहिल्या पडद्यावर १.६ इंच लांब, तर दुसऱ्यावर एका इंचाहूनहि आंखूड!

मग ९६ चा आंकडा आला कोठून, अशी शंका येईल. तो थोडा इतिहास मनोरंजक आहे. १९५७ सालीं अमेरिकेंतील राष्ट्रीय मानक संस्थेंत रसेल किर्श यांनीं संगणकांत पहिलें छायाचित्र उतरविलें. तें त्यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचें होतें. पांच सेंटिमीटर चौरसाच्या त्या चित्रांत १७६ ओळी व प्रत्येक ओळींत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. ‘पिक्सेल’ हा शब्द १९६५ सालीं फ्रेड बिलिंग्स्ले यांच्या लेखनांतून छापून आला. चित्राचा घटक असा त्याचा अर्थ. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकाच्या पडद्यावर इंचास ७२ पिक्सेल होते. छापखान्यांतील टाइप मोजण्याचा पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग धरतात, त्याच्याशीं तें जुळत असे. विंडोजनें ९६ चा हिशेब धरला, आणि पुढें इंटरनेटवरील पानांच्या नियमांतहि तोच संकेत झाला. अर्थात् ९६ हा मांडणीच्या सोयीचा संकेत आहे. समोरच्या कांचेवर इंचांत तितकेच ठिपके आहेत, अशी त्याची हमी नाहीं.

आतां मोजण्याची रीत. विंडोजसाठीं ‘पॉवरटॉइज’ या मोफत संचांत ‘स्क्रीन रूलर’ मिळतो. ‘जिंप’ या चित्रांच्या साधनांतहि अंतर व कोन मोजण्याची सोय आहे. साधन कोणतेंहि असो, पुढील पथ्यें पाळावीं.

पहिलें पथ्य हें कीं, ज्याची खरी लांबी ठाऊक आहे अशी एक तरी वस्तु त्याच चित्रांत शोधून ती प्रथम मोजावी. नकाशांत मापरेघ असते. छायाचित्र घ्यावयाचें असल्यास वस्तूच्या शेजारीं, तिच्याच पातळींत, फूटपट्टी ठेवूनच घ्यावें. सूक्ष्मदर्शकांतील चित्रें मोजण्यास शास्त्रज्ञ ‘इमेजजे’ नांवाचें साधन वापरतात. त्यांतहि आधीं ज्ञात अंतरावर रेघ ओढून प्रमाण ठरवावें लागतें. मापरेघ व मोजावयाची वस्तु हीं दोन्ही एकाच आकारांत पाहून मोजावीं. मध्यें चित्र लहानमोठें केल्यास सर्व हिशेब पुन्हां करावा.

दुसरें, भिंतीच्या रेघेलाहि जाडी असते. बोळाची रुंदी आंतल्या कडेपासून आंतल्या कडेपर्यंत घ्यावी, आणि कडा नीट दिसाव्या म्हणून चित्र मोठें करून घ्यावें. बापूंच्या चित्रांत १० पिक्सेलांस १ फूट होता, म्हणजे एक पिक्सेल सव्वा इंचाच्या जवळपास. अशा चित्रावरून अर्ध्या इंचाचा वाद घालणें व्यर्थ होय.

तिसरें, तिरकें अंतर आडव्या व उभ्या मापांची नुसती बेरीज करून येत नाहीं. आडवे ६० व उभे ८० पिक्सेल असतील, तर तिरकें अंतर १४० नव्हे, १०० होय. यज्ञवेदी आंखण्यासाठीं दोरीनें माप घेणाऱ्या बौधायनांच्या शुल्बसूत्रांत कर्णाचा हा नियम दिलेला आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरीच. साधन पालटलें, नियम तोच राहिला.

एक अपवाद मात्र ध्यानांत असावा. परीक्षेच्या अर्जासाठीं छायाचित्र अमुक पिक्सेल रुंद व अमुक उंच असावें, असें सांगितलेलें असतें. तेथें पिक्सेल हेंच खरें माप. इंचांचा संबंध नाहीं. परंतु तें पडद्यावर पट्टी लावून मोजूं नये. चित्र लहानमोठें करून पाहिलें कीं तोहि आंकडा फसवितो. फाइलीच्या माहितींत रुंदी व उंची दिलेली असते, तीच प्रमाण मानावी.

असो. माघांत बापू आले तेव्हां आम्ही सर्व गांवीं गेलों. अण्णांनीं फितीचें एक टोक धरलें, बापूंनीं दुसरें. बोळ ५ फूट ११ इंच भरला. एक इंच मागाहून केलेल्या गिलाव्यानें खाल्ला होता. नकाशा पाहून वाटणीची बोलणी करावी, पण कागदावर सह्या करण्यापूर्वीं जागेवर रीतसर मोजणी करून घ्यावी, हेंहि त्या एका इंचानें आम्हांस शिकविलें. काकू ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “हेंच दिवाळींत फोन करून एकमेकांना विचारलें असतें तर?” त्यावर दोघांनींहि माना खालीं घातल्या. आंकडा जुळत नसला तर दुसऱ्याच्या नियतीपूर्वीं त्याची पट्टी तपासावी, हा या प्रकरणांतील खरा धडा होय. आणि तो पडद्याबाहेरहि उपयोगी पडण्याजोगा आहे.