मांजर बिघडले की आजारी पडले?

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. गोविंदप्रभूंचे गाव, महानुभाव पंथाचे मोठे तीर्थक्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळवणी केली ती इथेच. आता तिथे मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे. मला मात्र त्या गावाचे नाव निघाले की आधी एक पिवळा बोका आठवतो.

मी तेव्हा आठवीत होतो. घर साधे, खाणे शाकाहारी. बोक्याला सकाळी दूधभाकर आणि रात्री दूधभात. बाकीचे पोट तो कोठीतल्या उंदरांवर भरत असावा. एका मे महिन्यात त्याने घडी करून ठेवलेल्या गादीवर लघवी केली. दुसऱ्या दिवशी चुलीजवळ, तिसऱ्या दिवशी वडिलांच्या धोतरावर. मार बसला. मग तो न्हाणीच्या कोपऱ्यात जाऊन बसू लागला, कुंथू लागला, मागचा भाग सारखा चाटू लागला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "अवं माय, याचं पोट घट्ट झालं असन. एरंडेल पाजा याले." एरंडेल पाजले. उपयोग झाला नाही. तेव्हा घरातल्या मोठ्यांचे एकमत झाले, "हा आता बिघडला. याले घरात ठेवू नोका." त्याला पोत्यात घालून संत्र्याच्या बागांपलीकडे सोडून आले. मांजर सोडले तरी परत येते असे म्हणतात, म्हणून मी दोन दिवस दारात बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तो बागेच्या कुंपणाशी मेलेला सापडला.

तो बिघडला नव्हता. त्याचा मूत्रमार्ग तुंबला होता. हे मला कळले ते फार वर्षांनी, एका पशुवैद्याशी बोलताना, आणि तेव्हापासून हा लेख माझ्या मनात आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग शेवटी शेवटी फारच अरुंद होतो. लघवीतल्या क्षारांचे बारीक स्फटिक आणि मूत्राशयाच्या आतल्या अस्तराचा चिकट स्राव यांचा बूच तिथे अडकला की थेंबही बाहेर पडत नाही. मूत्रपिंडे आपले काम करीतच असतात. मूत्राशय चेंडूसारखा टणक होतो. मग जी द्रव्ये लघवीवाटे बाहेर जायची ती रक्तात साठू लागतात. त्यांतले पोटॅशियम वाढले की हृदयाचे ठोके मंदावतात, अनियमित होतात आणि शेवटी थांबतात. एवढे घडायला एक-दोन दिवस पुरतात. पशुवैद्य बारीक नळी घालून मार्ग मोकळा करतात आणि वेळेवर नेलेले बहुतेक बोके वाचतात. माद्यांचा, म्हणजे भाट्यांचा, मूत्रमार्ग रुंद व आखूड असल्याने त्यांना हा धोका फार कमी. पण मूत्राशयाला सूज मात्र दोघांनाही येते.

असे का होते? कारणे अनेक आहेत, पण एक फार जुने आहे. आपले घरगुती मांजर पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातील रानमांजराचे वंशज आहे. सायप्रस बेटावर माणसाच्या थडग्याशेजारी पुरलेले सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे मांजर सापडल्याचे २००४ साली जाहीर झाले. म्हणजे आपली ओळख इतकी जुनी. त्या रानमांजराला पाण्याची गरज शिकारीच्या शरीरातल्या पाण्यातूनच बरीचशी भागवता येई. उंदराच्या शरीरात सुमारे सत्तर टक्के पाणी असते. म्हणून मांजराला तहान कमी लागते आणि त्याची लघवी दाट असते. अशा प्राण्याला कोरडे खाणे दिले, वर वऱ्हाडातला ४५ अंशांचा उन्हाळा आला, की लघवी आणखी दाट होणारच. त्यावर उपाय साधा आहे: खाण्याच्या जागेपासून दूर, सावलीत, दोन-तीन ठिकाणी पसरट परळात रोज ताजे पाणी ठेवावे, आणि खाणे ओले द्यावे.

दुसरे कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. घरात लग्नाची गडबड, रंगकाम, नवे मांजर किंवा नवे कुत्रे, घर बदलणे, अशा ताणानेही मांजराच्या मूत्राशयाला सूज येते. जंतू सापडत नाहीत, तरी दुखते. गादीवर लघवी करताना ते सूड उगवत नसते. नेहमीच्या जागी दुखले म्हणून ते मऊ जागा शोधते. 'खोड' आणि 'आजार' असे दोन कप्पे आपण करतो. मांजराच्या शरीराला ते ठाऊक नाहीत. (वयात आलेला बोका भिंतीवर मागे पिचकारी मारतो ती गोष्ट वेगळी. ती हद्दीची खूण आहे, आणि नसबंदी केली की बहुधा थांबते.)

आता दूधभाताकडे वळू. मांजराला दूध आवडते यात शंका नाही, पण पिल्लू मोठे झाले की दुग्धशर्करा पचवणारे विकर त्याच्या आतड्यात कमी होते आणि अनेक मांजरांना दुधाने जुलाब होतात. याहून गंभीर बाब टॉरिनची. हे द्रव्य मांसात असते, धान्यात नसते. आपले शरीर ते तयार करते. मांजराला पुरेसे करता येत नाही. टॉरिन न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यांतला दृष्टिपटल झिजतो हे १९७५ साली दिसून आले, आणि त्याच कमतरतेने त्यांचे हृदय फुगून दुबळे होते हे १९८७ साली. मांजराला गोड चवही कळत नाही. ती ओळखणारे जनुक त्याच्यात निकामी झाले आहे, हे २००५ साली समजले. थोडक्यात, निसर्गाने त्याला पक्के मांसाहारी केले आहे.

आमचा बोका दूधभातावर जगला तो खरे तर उंदरांवर जगला. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर कोंडलेल्या मांजराला ती सोय नाही. आपल्या घरी मांस शिजत नसेल तर त्यात गैर काहीच नाही. टॉरिन घातलेले तयार खाद्य आता तालुक्याच्या गावीही मिळते. पण आपले व्रत मांजरावर लादायचे असेल तर मांजर पाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काही वाचकांना ते कडू लागेल. आणि मांजर उंदीर मारते म्हणून आनंद मानणाऱ्या घरात उंदरांचे विष ठेवू नये, कारण विष खाल्लेला उंदीर मांजरालाही मारू शकतो.

पुन्हा म्हाइंभटांकडे येतो. त्यांनी चक्रधरांच्या आठवणी कशा गोळा केल्या? ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांच्याकडे जाऊन, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून. ऐकीव गोष्ट तशीच लिहिली नाही. मांजराच्या बाबतीत आपल्याला हेच करावे लागते, कारण मांजर आपले दुखणे लपवते. रानात लहान प्राण्याने अशक्तपणा दाखवला की तो दुसऱ्याचे भक्ष्य होतो, म्हणून ही सवय. ते गुरगुरते म्हणजे खूश आहे असेही समजू नका; वेदना होत असतानाही मांजरे गुरगुरतात. तेव्हा एक वही करा. काय खाल्ले, पाणी प्याले का, लघवी कोठे व किती वेळा, उलटी, वजन, तारीख. वर्गशिक्षकांनी हा प्रकल्प जरूर द्यावा. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पूर्ण वाढलेल्या मांजराचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणून हाताला गरम लागले की ताप आला असे होत नाही. मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. 'भूक लागली की खाईल' हा हट्ट इथे चालत नाही.

घरच्या औषधांविषयी मात्र कळकळीने सांगतो. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका, तुकडासुद्धा नाही. ती निरुपद्रवी करणारी यकृतातली यंत्रणा मांजरात फार तोकडी आहे; रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात आणि मांजर मरते. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून ते चालले की पंजे चाटते आणि विष पोटात जाते. कुत्र्याच्या पिसवांचे औषधही मांजराला लावू नये. त्यातले काही प्रकार मांजराला मारक आहेत.

पिसवा मात्र घालवायलाच हव्यात. चाटताना पिसू गिळली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो आणि शेपटीखाली तांदळासारखे दाणे दिसतात. कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा मळ दिसला आणि मांजर सारखे कान खाजवत असेल तर ते कानातले सूक्ष्म किडे. मांजर नखे ओरबाडते ते नखाचे जुने कवच काढायला आणि पंजातल्या ग्रंथींचा वास मागे ठेवायला. त्याला एक गोणपाट गुंडाळलेला ओंडका द्या, खुर्ची वाचेल. भाटी पिल्लांना सात घरे दाखवते ती पिल्लांना धोक्यापासून, घाणीपासून दूर नेण्यासाठी. मांजराच्या केसाने दमा होतो म्हणतात, पण त्रास देणारे प्रथिन मुख्यतः त्याच्या लाळेतले व कातडीतले असते. चाटून चाटून ते केसांवर पसरते.

एक गोष्ट मुलांनी विसरायची नाही. आजारी मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिखट-चुना लावू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन पिसाळरोगाची लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पिल्लू सहा-आठ आठवड्यांचे झाले की त्याच्याही लसी सुरू कराव्यात.

राहिले पोते. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आमच्या घरात तेव्हा हे कोणाला ठाऊक नव्हते. गुरांचा दवाखाना मांजरासाठीही असतो हेही कोणाला सुचले नव्हते. गायीला डॉक्टर आणि मांजराला पोते, अशीच रीत होती.

सध्या माझ्याकडे एक करडा बोका आहे. गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तो न्हाणीत चार वेळा जाऊन बसला. पिशवीत घालून मी त्याला अमरावतीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधीच विचारले, "शेवटची लघवी केव्हा केली?" मी वही उघडली. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.