वाळूबरोबर वीणही उपसली जाते

फाल्गुनात पूर्णेचे पाणी ओसरले, गोदावरीच्या संगमाकडचे वाळवंट उघडे पडले, की नदीकाठच्या पक्ष्यांची वीण सुरू होते. नदी सुरय, टिटवी, आर्ली, कंठेरी चिखल्या यांचे घरटे म्हणजे उघड्यावर उकरलेला उथळ खळगा. ना काड्या, ना आडोसा. मातकट, ठिपकेदार अंडी वाळूत अशी मिसळून जातात, की दोन हातांवरूनही ओळखू येत नाहीत. घारीच्या नजरेला चकवणारा हा रंग टिप्परच्या चाकापुढे मात्र कुचकामी ठरतो.

वाळूच्या उपशाला बंदी असते ती पावसाळ्यात, म्हणजे वाळवंटच पाण्याखाली असताना. अंडी उबवली जातात त्या फेब्रुवारी ते मे या काळात मात्र वाळूघाटांना मोकळे रान! लिलाव रीतसर असो, की रात्री तराफ्यावर इंजिन बसवून केलेला चोरटा उपसा, घरट्याची गत एकच. चैत्रात वाळू तव्यासारखी तापते, तेव्हा टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते. यंत्रांच्या धाकाने ती उठली, की अंडी करपायला वेळ लागत नाही.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. रानपक्ष्यांची अंडी फोडणे, घरटे विस्कटणे यालाही तो शिकारच म्हणतो. नदी सुरय तर जागतिक लाल यादीत असुरक्षित ठरला आहे. याच गोदावरीवर जायकवाडी १९८६ पासून अभयारण्य आहे, नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये पाणथळींसाठीचा रामसर दर्जा मिळाला. पूर्णा तालुक्यातल्या पात्राच्या वाट्याला आले ते फक्त लिलाव.

महसूल आणि वन विभागाने एकमेकांकडे बोट दाखवणे आता थांबवावे. घाट लिलावात काढण्याआधी विणीची पाहणी व्हावी आणि घरट्यांची बेटे फेब्रुवारी ते जून उपशातून वगळावीत. येलदरी-सिद्धेश्वर धरणांचे पाणी उन्हाळ्यात नदीत सोडायचे असेल, तर पाण्याखाली जाऊ शकणाऱ्या या बेटांचा विचार आधी व्हावा. चंबळच्या काठी गावकरीच घरट्यांची राखण करतात. इथल्या तरुणांनाही ते काम मानधनावर देता येईल. दुर्बिणी घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींनी फोटोसाठी घरट्यांजवळ जाऊ नये. लांबून जागा नोंदवून वन विभागाला कळवाव्यात.

पुढच्या लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी हे झाले पाहिजे. नंतर भरलेल्या दंडातून तिजोरीत पैसा येईल, पण फुटलेल्या अंड्यातून पिल्लू येणार नाही.