वाळूचोरीच्या बातम्या, चोरीचं विंडोज आणि कुलूपबंद मराठी



आज जरा कडू लिहितोय. आधी स्वतःबद्दल, मग बाकीच्यांबद्दल.

गिरणेच्या वाळूचोरीवर मी किती बातम्या लिहिल्या, हिशेब नाही. त्यातली एकूण एक बातमी चोरीच्या विंडोजवर टाईप केली. काँप्युटर जोडून देणाऱ्यानं 'टाकून' दिलं, मी विचारलं नाही. आपल्याकडे विचारतं कोण? झेरॉक्सवाला, डीटीपीवाला, आम्ही पत्रकार, सगळे एकाच ट्रॅक्टरमध्ये बसलेले.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. पुढच्या विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. माझा डबा २०१४ चा. तक्रार नाही, दहा वर्षं चाललं. पण तालुक्याच्या बातम्यांवर पोट असणाऱ्यानं नव्या काँप्युटरचे पैसे आणायचे कुठून? आणि परत चोरीचंच टाकायचं, तर पुढची वाळूची बातमी कोणत्या तोंडानं लिहायची?

शेवटी मुलाला बसवलं शेजारी, पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवलं आणि टाकलं. हे फुकट आहे, पण चोरीचं नाही. मला हा फरक पंचेचाळिशीत कळला.

खोटं बोलत नाही, पहिला आठवडा जड गेला. 'सी ड्राइव्ह' शोधत बसलो, तो सापडेचना. प्रिंटर दोन दिवस रुसला. लिब्रेऑफिसमध्ये नेहमीची बटणं भलत्या ठिकाणी. बोटांना रेमिंग्टनची सवय, म्हणून हट्टानं इनस्क्रिप्ट शिकलो. १९८६ पासून सरकारमान्य असलेली ही रचना, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. पहिल्या दिवशी चार ओळींना अर्धा तास लागला. आठव्या दिवशी बातमी वेळेत गेली. बस, एवढंच. ज्याची वीस वर्षं भीती बाळगली, ते आठ दिवसांचं काम निघालं.

खरा दणका नवव्या दिवशी बसला.

आमच्या मेहरूणची बोरं सगळ्यांना माहीत. पूर्वी बागा होत्या, आता प्लॉट आहेत. शेजारच्या गल्लीतली एक मुलगी आली. म्हणाली, "काका, आमच्या आजोबांच्या बोरांच्या बागेवर तुम्ही २०१० साली लिहिलं होतं. ते मिळेल का? आजोबा गेले, घरात त्यांचं एवढंच लिहिलेलं आहे." म्हटलं, बस बेटा, आत्ता देतो. फाईल सापडली. उघडली. आत मराठीचं एक अक्षर नाही. कंस, टक्के, इंग्रजी अक्षरं, सगळा काला. दुसरी उघडली, तेच. २००६ पासूनचं माझं सगळं लिखाण, तेच.

कारण साधं आहे. आम्ही मराठी टाईप केलीच नव्हती. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात काँप्युटरला वाटतं तुम्ही इंग्रजी अक्षरं दाबताय. फॉन्ट फक्त त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. आणि तो फॉन्टही माझ्याकडे 'तोडलेला' होता, फक्त जुन्या विंडोजवर चालणारा.

आता कोणी म्हणेल, बघ, लिनक्सनं घात केला. नाही भो. विंडोज एक्सपीतसुद्धा युनिकोड मराठी होती. युनिकोडची पहिली आवृत्ती आणि लिनक्स, दोन्ही १९९१ सालचे. केंद्र सरकारनं ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हेच प्रमाण २००९ सालीच ठरवलं. म्हणजे मी तो बोरांचा लेख लिहिला तेव्हा रस्ता तयार होता. चाललो नाही आम्ही.

का नाही चाललो? पान पेजमेकरमध्ये लागायचं म्हणून. ज्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ला आली, त्याच्यासाठी आमची कित्येक जिल्हा दैनिकं अजून जुने फॉन्ट धरून बसली आहेत. चोरीचं फुकट मिळत होतं, म्हणून हक्काचं फुकट कोणी बघितलं नाही. विकत घ्यावं लागलं असतं तर वीस वर्षांपूर्वीच सगळे शहाणे झालो असतो.

लोक म्हणतात, पेपर तर छापून येतो ना? येतो. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधली जातात. पण ती फाईल सर्चमध्ये सापडत नाही. डोळ्यांनी न दिसणाऱ्या पोरानं मोबाईलला वाचायला सांगितली तर मोबाईल कचरा वाचतो. उठसूट 'मराठी वाचवा' म्हणून अग्रलेख लिहिणारे आपण, आणि तो अग्रलेखच काँप्युटरच्या लेखी मराठी नाही!

केरळकडे बघा. तिथं सरकारी शाळांनी विंडोज सोडून जमाना झाला. २०१९ साली दोन लाखांवर शाळेच्या काँप्युटरवर स्वतःची लिनक्स टाकायला घेतली. आपल्याकडे सी-डॅक पुण्यात, त्यांचं 'बॉस' लिनक्स २००७ पासून आहे. तुमच्या गावच्या शाळेत पाहिलंय का कधी?

माझं म्हणणं सरळ आहे. सगळ्यांनी लिनक्सच घ्या असं नाही. विकतचं विंडोज वापरा, काहीही वापरा. पण संपादकांनी बातमी युनिकोडमध्येच मागवावी. सरकारी कार्यालयांनी प्रेसनोटचे फोटो पाठवणं बंद करून मजकूर पाठवावा. आणि पत्रकार भावांनो, जुना काँप्युटर भंगारात द्यायच्या आधी आपलं लिखाण बदलून घ्या. बदलणारी साधनं नेटवर फुकट आहेत. पण डोळ्यांखालून घालावंच लागतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार तर हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो.

बोरांचा लेख दुरुस्त करायला मला पूर्ण संध्याकाळ लागली. मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, तिनं तिथल्या तिथं आजीला वाचून दाखवला. असे शेकड्यांनी लेख बाकी आहेत. रोज एक काढतोय.

तुमचे किती आहेत? आज रात्री एक जुनी फाईल उघडून बघा, आणि काय दिसलं ते खाली लिहा.