घरांतील यंत्रें : न थांबणारा पंखा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे मुलगे-सुना, लेकी-जांवई आतां अमेरिकेंत किंवा कॅनडांत घरें करून आहेत, आणि त्यांच्याकडे कांहीं महिने जाऊन राहण्याचा प्रसंग अनेक वृद्ध दांपत्यांस येतो. इकडील घरांत जें यंत्र कोणीं पाहिलेलेंही नसतें, त्याच्याशीं तेथें हिंवाळ्यांत एकाएकीं गांठ पडते. तें यंत्र म्हणजे तळघरांतील भट्टी. तिचा पंखा थांबेनासा झाला असतां काय करावें, हें या महिन्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम भट्टीची रचना ध्यानांत घ्यावी. गॅसच्या ज्योती धातूच्या एका बंद पोकळींत जळतात व त्यांचा धूर नळीवाटे घराबाहेर जातो. पोकळीच्या बाहेरून पंखा घरांतील हवा ढकलतो. ती हवा तापून पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांतील जाळ्यांवाटे बाहेर पडते, आणि दुसऱ्या मोठ्या जाळीवाटे पुन्हां भट्टीकडे जाते. धूर आणि श्वासाची हवा यांची भेट कधींही होऊं नये, हें या रचनेचें मर्म आहे. गॅसवर चालून सर्व घर तापविणाऱ्या अशा एका भट्टीचें पेटंट न्यू जर्सींतील मॉरिसटाउन येथील ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय बाईंनीं १९१९ सालीं मिळविलें होतें, ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गास खचित आवडेल.

त्याच न्यू जर्सी संस्थानांत आमच्या कन्येचें बिऱ्हाड आहे. गेल्या माघांत आम्ही उभयतां तिच्याकडे होतों. नातू पांच महिन्यांचा, जांवई कामानिमित्त परगांवीं गेलेले, आणि बाहेर गुडघाभर बर्फ. रात्रीं दोनच्या सुमारास जाग आली, ती पंख्याच्या घरघरीनें. तो निजण्यापूर्वींपासून चालूच होता. जाळीवर हात धरला तों हवा गार!

सौ. म्हणाली, "अहो, तो पंखा अगोदर बंद करा पाहूं, बाळाला वारा लागतो आहे." मुलगी म्हणाली, "बाबा, खालीं भट्टीच्या बाजूला दिव्याच्या बटनासारखें बटन आहे. तें बंद करूं का?"

घरांतील एखादें माणूस रात्रभर जागें दिसलें, तर त्यास नीज म्हणण्यापूर्वीं आपण कां जागा आहेस असें विचारतों. यंत्रासही तोच न्याय लावावा. पंखा आपल्या मर्जीनें चालत नाहीं; त्यास कोणाची तरी आज्ञा असते. ती कोणाची, हें क्रमानें शोधावें.

पहिली गोष्ट ही कीं, ज्योत विझल्यावर एक ते तीन मिनिटें पंखा चालणें स्वाभाविकच आहे. पोकळींत उरलेली ऊब तो घरांत आणून सोडतो. त्याहून अधिक वेळ चालला तरच पुढील विचार करावा.

दुसरी गोष्ट, भिंतीवरील थर्मोस्टॅट, म्हणजे तापनियामक, पाहावा. त्यावर पंख्याच्या दोन खुणा असतात : 'ऑन' आणि 'ऑटो'. 'ऑन'वर पंखा अखंड चालतो. 'ऑटो'वर भट्टीच्या गरजेपुरता चालतो. पुसतांना किंवा मुलांच्या खेळांत ही खूण सरकते, आणि पुष्कळशा तक्रारी येथेंच मिटतात. कांहीं नव्या तापनियामकांत दर तासाला कांहीं मिनिटें पंखा फिरविण्याची योजना असते, तीही पाहून घ्यावी. जुन्या भट्ट्यांवर कित्येकदां एक पांढरी कळ असते. तीही पंखा अखंड चालविण्याची असूं शकते. तिच्या शेजारील अक्षरें वाचून ती आपोआप चालण्याच्या जागीं आणावी.

तिसरी गोष्ट, खूण 'ऑटो'वर असूनही पंखा थांबत नसेल, तर भट्टीची वीज बंद करून तापनियामकाचा दर्शनी भाग काढावा व वीज पुन्हां सुरू करावी. पंखा आतां स्तब्ध राहिला तर दोष तापनियामकांत आहे. तरीही चालला तर भिंतींतील तार दुखावलेली असेल, किंवा भट्टीच्या आंतील विद्युत्-फळीवरील रिले चिकटून बसला असेल. तापनियामकाच्या तारांत २४ व्होल्टच असतात, परंतु भट्टीच्या आंत १२० व्होल्टची वीज येते. म्हणून येथून पुढें कारागिराचें काम.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पंखा चालू असून हवा गार येते, किंवा थोडा वेळ ऊन व मग गार अशी आळीपाळीनें येते, तर बहुधा पोकळी प्रमाणाबाहेर तापली आहे. तेथें उष्णतेची मर्यादा राखणारा एक लहानसा स्विच असतो. मर्यादा ओलांडतांच तो गॅस बंद करवितो, आणि पोकळी निवावी म्हणून पंखा चालूच राहतो. अशा वेळीं पंखा बिघडलेला नसून तो राखण करीत असतो!

आमची खूण 'ऑटो'वरच होती. पांच मिनिटें जाळीवर हात ठेवला; हवा ऊन झाली आणि पुन्हां गार पडली. मग दिवा घेऊन घरभर हिंडलों. तीन जाळ्यांवर सौ.नें बाळाचीं दुपटीं वाळत घातलीं होतीं. हवा परत नेणारी मोठी जाळी ओसरींत होती, आणि तिला टेकून उभ्या होत्या आमच्याच दोन प्रवासी बॅगा! त्या मींच तेथें ठेवल्या होत्या. भट्टीची वीज बंद करून तळघरांतील गाळणी उपसली, तर ती धुळीनें गोधडीसारखी दाट झालेली. वाराच कोंडल्यावर पोकळी निवणार कशी?

बॅगा हलविल्या, दुपटीं उचललीं, कोपऱ्यांत ठेवलेली नवी गाळणी तिच्यावरील बाण भट्टीकडे करून बसविली आणि वीज सुरू केली. पहांटे घर उबदार झालें व पंखा आपला आपण थांबला. मुलीनें सुचविलेलें बटन दाबलें असतें तर ज्योतही विझली असती. तत्काळ अपाय झाला नसता, पण घर गारठलें असतें आणि खरें कारण तसेंच राहिलें असतें.

तरीही दुसऱ्या दिवशीं कारागीर बोलावला. वारंवार अतिशय तापल्यानें पोकळीस चीर पडूं शकते, आणि त्या चिरेंतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरांत शिरूं शकतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. निजलेल्या माणसास तो जागें होऊं देत नाहीं. आमची पोकळी शाबूत निघाली. परंतु बाळाच्या खोलीबाहेरील, त्या वायूची सूचना देणाऱ्या यंत्राची मुदत संपून दोन वर्षें झालीं होतीं. तें ऐकून मुलगी कांहीं वेळ बोललीच नाहीं. त्याच सायंकाळीं प्रत्येक मजल्यावर नवें यंत्र लागलें.

तात्पर्य, हिंवाळ्यांत गाळणी दर महिन्यास पाहावी. जाळ्यांवर कपडे, सतरंजी वा सामान ठेवूं नये. मर्यादा राखणाऱ्या स्विचच्या तारा एकमेकींस जोडून पंखा थांबविण्याचा उपाय कोणीं सुचविल्यास तो कदापि ऐकूं नये; त्यानें राखणदारच नाहींसा होतो. सूचक यंत्र वाजल्यास लहानथोरांसह प्रथम बाहेर पडावें व मग ९११ या क्रमांकावर कळवावें.

ज्यांची मुलें तिकडे आहेत, त्यांनीं पुढील वेळीं बोलतांना कुशल विचारून झाल्यावर एवढें अवश्य विचारावें : गाळणी केव्हां बदललीस, आणि सूचक यंत्राची मुदत केव्हां संपते?