दोन घरगुती बिअर एकत्र केल्या की बाटली का फुटते?

एक बॅच जास्तच आंबट झाली. दुसरी नुसतीच गोड. मग दोन्ही एकत्र करून टाकल्या तर? घरी बिअर बनवणाऱ्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. अमेरिकेत तर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने अशा हौशी मंडळींना मोकळीक मिळाली. दोन प्रौढ राहत असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर बिअर करमुक्त बनवता येते. फक्त ती विकायची नाही.

एकत्र करणं सोपं आहे. अडचण नंतर येते.

समजा, ताज्या बिअरची घनता १.०१२ आहे आणि वर्षभर मुरलेल्या आंबट बिअरची १.००२. ताज्या बिअरमध्ये अजून साखर शिल्लक आहे, पण ती तिच्या यीस्टला पचत नाही. जुन्या बिअरमधल्या ब्रेटानोमायसेस यीस्टला मात्र ती पचते. दोन्ही निम्म्या-निम्म्या मिसळल्या की घनता होते १.००७. आता हे जुनं यीस्ट विरजणासारखं काम सुरू करतं आणि घनता पुन्हा १.००२ च्या आसपास आणू शकतं. घनता ०.००१ ने उतरली की बिअरच्या आकारमानाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे इथे झाला अडीचपट. फेसासाठी बाटलीत नेहमीप्रमाणे साखर घातली असेल, तर तिचा साधारण अडीचपट आणखी. एकूण पाचपट! साध्या बाटलीला हा दाब झेपत नाही, आणि काचा उडतात त्या माणसांच्या अंगावर.

गंमत म्हणजे ब्रुसेल्सच्या आसपास याच प्रक्रियेवर अख्खा व्यवसाय उभा आहे. तिथे एक, दोन आणि तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली लँबिक बिअर एकत्र करून 'ग्योझ' बनवतात. तरुण लँबिक साखर देते, जुनी चव देते. वरून साखर घालायची गरज सहसा पडत नाही, आणि बाटली असते शँपेनसारखी जाड. काही जण तर स्वतः बिअर बनवतच नाहीत. इतरांकडून कच्चा माल घेऊन तो मुरवणं आणि मिसळणं एवढाच त्यांचा धंदा.

या धंद्याला आता हवामानबदलाची झळ बसते आहे. लँबिकचा गरम रस रात्रभर उघड्या भांड्यात थंड होतो आणि हवेतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. त्यासाठी रात्री थंडच हव्यात. नोव्हेंबर २०१५ मध्ये ब्रुसेल्सच्या कँटियॉन ब्रुअरीला उकाड्यामुळे काही बॅच रद्द कराव्या लागल्या होत्या. मिश्रणाला तीन वर्षांचा साठा लागतो. त्यामुळे एका हिवाळ्यातली तूट पुढची तीन वर्षं भोवते.

घरी बनवणाऱ्यांसाठी उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा. आधी १०० मिलिलिटरच्या नमुन्यात प्रमाण चाखून ठरवायचं. मग सगळं मिश्रण मोठ्या भांड्यात काही आठवडे ठेवायचं आणि हायड्रोमीटरचा आकडा हलायचा थांबल्यावरच बाटल्या भरायच्या. बिघडलेली, कुबट वासाची बॅच चांगल्या बॅचमध्ये 'खपवायला' जाऊ नये. दोन्ही हातच्या जातात.

आणि हे वाचून घरी प्रयोगाचा विचार असेल, तर थांबा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. ते स्वतःपुरतं असलं तरीही.