पाण्यावरची फांदी

सुपारीच्या बागेंतील हौदावर किंवा तळ्यावर एखादी फांदी झुकली, कीं ती तोडून टाकावी, नाहींतर पाला पडून पाणी नासेल, हा विचार आपल्यापैकीं बहुतेकांच्या मनांत येतो. तो अगदींच चुकीचा आहे असें नाहीं. परंतु पावसाळ्याचे चार महिने त्याच फांदीवर एका जीवाचा सारा वंश अवलंबून असतो, आणि तो जीव पश्चिम घाट सोडून जगांत दुसरीकडे कोठेंहि सांपडत नाहीं. सबब कोयता उचलण्यापूर्वीं त्याची हकीकत वाचकांनीं ऐकून घ्यावी, अशी विनंति आहे.

मलबारचा उडता बेडूक तो हाच. थॉमस जर्डन या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञानें १८७० सालीं त्याचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. महाराष्ट्र, गोवें, कर्नाटक व केरळ येथील घाटांत तो राहतो. आंबोलीस तर पावसाळ्यांत त्याला पाहण्यासाठीं लोक मुद्दाम जातात. मादी सुमारें चार इंच लांब असते, नर तिच्याहून लहान. पाठ पानासारखी हिरवी असल्यामुळें दिवसां पाय अंगाशीं घेऊन पानावर बसला, म्हणजे हातभर अंतरावरूनहि ओळखूं येत नाहीं. बोटांच्या टोंकांस चिकट चकत्या आणि बोटांमध्यें तांबूस नारिंगी पडदे असतात. उडता म्हटलें तरी त्याला पंख नाहींत. उंच फांदीवरून झेप घेऊन तो हे पडदे ताणतो व तिरपा तरंगत खालीं येतो. एका झेंपेंत तीस ते चाळीस फूट अंतर तो कापतो.

खरी नवलाई त्याच्या घरट्याची आहे. हा बेडूक अंडीं पाण्यांत घालीत नाहीं. मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर बसते, अंगांतून एक चिकट द्रव सोडते व मागच्या पायांनीं तो घुसळून त्याचा पांढरा फेस करते. अंडीं त्या फेसांत राहतात. भोंवतालचीं पानें त्याला चिकटून पुडा तयार होतो. फेसाचा बाहेरचा थर वाळून पापुद्रा धरतो, आंत मात्र ओलावा टिकतो. कांहीं दिवसांनीं अंडीं फुटतात, पावसानें फेस विरघळतो, आणि शेपटीचीं पिल्लें (शास्त्रज्ञ त्यांस भैकेर म्हणतात) टपटप खालच्या पाण्यांत पडतात. खालीं पाणी नसेल तर सगळी वीण फुकट.

मध्य अमेरिकेंतील तांबड्या डोळ्यांचा पर्णबेडूकहि असाच पाण्यावरच्या पानांना अंडीं चिकटवितो, पण फेसावांचून. साप त्या अंड्यांवर तुटून पडला, तर आंतील पिल्लें मुदतीच्या आधींच अंडें फोडून पाण्यांत उड्या टाकतात, असें कॅरन वॉर्केन्टिन या विदुषीनें १९९५ सालीं दाखवून दिलें. तेथेंहि खालीं पाणी हवेंच.

आतां आपल्या बागेकडे वळूं. कोळेरोगासाठीं पोफळींवर बोर्डो मिश्रण पावसाच्या तोंडीं एकदां, आणि पुन्हां चाळीस-पंचेचाळीस दिवसांनीं फवारावें लागतें. म्हणजे नेमका याच बेडकाच्या विणीचा हंगाम. फवारणी सोडा असें आम्ही सांगणार नाहीं. ज्याची सुपारी डोळ्यांदेखत गळली आहे त्याला तें सांगण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. पण मोरचूद कालविलेलें पिंप आणि पंप हौदांत किंवा तळ्यांतच बुचकळून धुण्याचें कारण काय? तांबें पाण्यांतील कोंवळ्या जीवांस विषच आहे. याहून तीव्र औषधांविषयीं तर बोलावयासच नको. केरळांतील कासरगोड जिल्ह्यांत काजूच्या मळ्यांवर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरांतून एंडोसल्फान फवारीत असत. माणसांस त्याचे भोग भोगावे लागल्यावर बराच काळ लढा चालला, आणि २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधावर देशभर बंदी घातली.

कोणी विचारील, या बेडकाचा आम्हांस उपयोग काय? तो किडे खातो हें खरें. तथापि त्याच्यामुळें बागेचें उत्पन्न अमुक रुपयांनीं वाढतें, असले हिशेब आम्हांस पटत नाहींत. भातखाचरांतील मोठ्या बेडकांची गोष्ट निराळी होती. त्यांचे पाय परदेशीं धाडण्याचा व्यापार १९८७ सालीं सरकारनें बंद केला, तेव्हां ते शेतांतील कीड खातात हें कारण पुढें होतें. झाडावरच्या या बेडकासाठीं तितका मोठा दावा आम्ही मांडीत नाहीं. तो नामशेष होण्याच्या यादींतहि आज नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं त्याला राखण्यास आपणांस फारच थोडी झळ लागते, आणि जंगलखातें कितीहि दक्ष असलें, तरी आपल्या मालकीच्या तळ्यावरची फांदी त्याच्या हातीं नाहीं.

प्लास्टिक अंथरलेल्या नव्या शेततळ्यांच्या कांठीं तर झाडच नसतें. तेथें प्लास्टिकला मुळें लागणार नाहींत इतक्या अंतरावर पसरट फांद्यांचें एखादें झाड वाढूं द्यावें. जुन्या हौदावर निदान एक फांदी दसऱ्यापर्यंत तोडूं नये. तोडणें भागच असेल आणि तिच्यावर फेसाचा पुडा असेल, तर ती पुड्यासह पाण्यावरच दुसऱ्या फांदीस बांधावी. पिंपें व पंप धुण्यासाठीं पाण्यापासून लांब, उताराच्या दुसऱ्या बाजूस खड्डा खणावा. आणि हें सर्व गड्यांस आधीं दाखवून ठेवावें. नाहींतर पानांत अडकलेली घाण समजून तो फेस काठीनें झाडून टाकला जाण्याचा संभव आहे.